मीमवरची ती जाड, चिंचोळी अक्षरं आली कुठून? समजून घ्या ‘इम्पॅक्ट’ फॉन्टची गोष्ट

एखाद्या मांजराचा किंवा वैतागलेल्या माणसाचा फोटो. वर एक ओळ, खाली एक ओळ. दोन्ही ओळी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, पांढऱ्या रंगात आणि भोवती काळी किनार. साधारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी इंटरनेटवर वावरलेल्या कुणालाही ‘मीम आठव’ म्हटलं तर प्रत्येकाला फोटो वेगळा आठवेल, पण अक्षरं तीच असतील. त्या अक्षरांचं नाव आहे इम्पॅक्ट.

गंमत अशी की हा फॉन्ट इंटरनेटसाठी बनलेलाच नव्हता. कॉम्प्युटरसाठीही नव्हता. १९६५ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात तो शिशाच्या खिळ्यांच्या रूपात बाजारात आला. छापखान्यात खिळे जुळवून मजकूर छापण्याचे ते शेवटचे दिवस होते. म्हणजे ज्या तंत्रासाठी तो बनला ते तंत्र काही वर्षांतच मागे पडलं आणि फॉन्ट मात्र चाळीस वर्षांनी जगभर पोहोचला.

हे कसं झालं ते बघूच. पण इम्पॅक्टच्या निमित्तानं आणखी एक प्रश्न समोर येतो, जो मीमपेक्षा आपल्या रोजच्या आयुष्याच्या जास्त जवळचा आहे. अक्षरं किती चिंचोळी करावीत? बिस्किटाच्या पुड्यावरचं वजन, दुकानाची मराठी पाटी, चौकातला फ्लेक्स, सगळीकडे कुणीतरी हा निर्णय घेतलेला असतो.

कंडेन्स्ड सॅन्स सेरिफ म्हणजे नेमकं काय?

इंग्रजी पुस्तकातलं एखादं अक्षर नीट पाहिलं तर त्याच्या टोकांना बारीक आडव्या रेघा दिसतात, जणू अक्षराला पावलं फुटली आहेत. या रेघा म्हणजे सेरिफ. ‘सॅन्स’ म्हणजे ‘शिवाय’. ज्या अक्षरांना ही पावलं नाहीत ती सॅन्स सेरिफ. तुमच्या मोबाइलवरची इंग्रजी अक्षरं बहुतेक याच प्रकारची असतात.

कंडेन्स्ड म्हणजे उंची तेवढीच, पण रुंदी कमी. जागा अरुंद आहे आणि अक्षर मोठं दिसायला हवं, अशा वेळी ही अक्षरं कामाला येतात. वर्तमानपत्राचा मथळा हे त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. स्तंभाची रुंदी ठरलेली असते, शब्द कमी करता येत नाहीत, मग अक्षरांनाच अंग चोरून उभं राहायला सांगायचं. बसस्टॉपवरच्या गर्दीसारखं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. साधा फॉन्ट घेतला, कॉम्प्युटरवर बाजूनं दाबला की कंडेन्स्ड फॉन्ट तयार होत नाही. इंग्रजी ‘ओ’ डोळ्यांसमोर आणा. त्याच्या डाव्या-उजव्या उभ्या रेघा आणि वर-खालच्या आडव्या कमानी जवळपास सारख्या जाडीच्या असतात. आता हा ‘ओ’ बाजूनं दाबून निम्म्या रुंदीचा केला, तर उभ्या रेघाही निम्म्या जाडीच्या होतात. आडव्या कमानी मात्र होत्या तेवढ्याच जाड राहतात. त्यामुळे अक्षर आजारी दिसतं, वर-खाली सुजलेलं आणि मध्ये खंगलेलं.

खरा कंडेन्स्ड फॉन्ट काढताना डिझायनर प्रत्येक अक्षर नव्यानं रेखाटतो. उभ्या रेघांची जाडी राखतो. ‘ओ’चा गोल सोडून देतो आणि दोन्ही बाजू सरळ उभ्या करतो, फक्त वर आणि खाली थोडं वळण ठेवतो. अक्षराच्या पोटातली पोकळी किती ठेवायची हे ठरवतो. ती फार कमी झाली तर शाई पसरून अक्षराचा ठिपका होतो. फार जास्त ठेवली तर जागा वाचवण्याचा उद्देशच संपतो. सगळी कारागिरी या पोकळीत असते.

आधी लाकूड, मग शिसं

सॅन्स सेरिफ अक्षरांचा पहिला छापील नमुना १८१६च्या सुमाराला विल्यम कॅस्लन चौथे यांनी लंडनमध्ये दाखवला. सुरुवातीला लोकांना ही अक्षरं बोडकी वाटायची. पण औद्योगिक क्रांतीनंतर जाहिरातींचा धंदा वाढला आणि भिंतींवरच्या पोस्टरांत एकमेकांपेक्षा मोठ्यानं ओरडायची स्पर्धा लागली. मोठं अक्षर शिशात ओतायचं तर ते जड आणि महाग. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स यांनी लाकडी अक्षरं मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत आणली आणि हा प्रश्न सुटला. सर्कशीची, नाटकांची, ‘पकडून देणाऱ्यास बक्षीस’ छाप जुनी पोस्टरं आठवा. त्यातली उंच, अरुंद अक्षरं लाकडाचीच.

पुढे १९०३ साली अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन यांनी ‘अल्टरनेट गॉथिक’ काढला. त्याचं नाव फार बोलकं आहे. तो तीन वेगवेगळ्या रुंदींत मिळायचा. ओळ बसत नसेल तर जुळारी एक रुंदी बाजूला ठेवून पर्यायी रुंदी उचलायचा. आज आपण फॉन्टच्या यादीतून ‘नॅरो’ निवडतो ते हेच, फक्त तेव्हा त्यासाठी दुसरं जड खोकं उघडावं लागायचं.

जेफ्री ली यांनी काय केलं?

१९५४ साली ‘लेटेरा’ नावाच्या अक्षरनमुन्यांच्या पुस्तकात वॉल्टर हेटनश्वायलर या स्विस डिझायनरचा एक जाड, अरुंद अक्षरसंच आला. नाव ‘श्माल्फेटे ग्रोटेस्क’. जर्मनीतल्या ‘ट्वेन’ आणि फ्रान्समधल्या ‘पारी मॅच’ या मासिकांनी तो मथळ्यांसाठी वापरला आणि युरोपातल्या जाहिरातवाल्यांना त्याचं वेड लागलं. अडचण एकच होती. ब्रिटनच्या छापखान्यांत या अक्षरांचे खिळे मिळत नव्हते. त्यामुळे तिथले डिझायनर मासिकांतली छापील अक्षरं कापून, चिकटवून आपले मथळे तयार करायचे.

जेफ्री ली हे ब्रिटिश जाहिरात क्षेत्रात काम करणारे डिझायनर होते. ही कापाकापी त्यांच्या आसपास रोज चालायची. तेव्हा याच धाटणीचा, पण ब्रिटनच्या छापखान्यात सरळ जुळवता येईल असा फॉन्ट त्यांनी आखला. शेफील्डच्या ‘स्टीफन्सन ब्लेक’ या जुन्या फाउंड्रीनं तो ओतला आणि १९६५ साली विक्रीला आणला.

लींनी पुढे आपला हेतू अगदी सरळ शब्दांत सांगितला होता. दिलेल्या आकारात कागदावर जास्तीत जास्त शाई उमटवायची आणि इंग्रजी लहान अक्षरं होतील तेवढी उंच करायची. बस.

हे वाक्य वाचून मग फॉन्ट पाहिला की सगळं उलगडतं. इम्पॅक्टची लहान अक्षरं कॅपिटल अक्षरांच्या पाऊणपट तरी उंच आहेत. ‘बी’, ‘डी’, ‘एच’ची वर जाणारी दांडी आखूड आहे आणि ‘जी’, ‘पी’, ‘वाय’ची खाली लोंबणारी शेपटी त्याहूनही आखूड. म्हणजे वर-खालची रिकामी जागा खाल्ली आणि ती अक्षराच्या धडाला दिली. रेघा इतक्या जाड की पोटातल्या पोकळ्यांच्या जागी फक्त चिरा उरल्या. दोन अक्षरांमधलं अंतरही तेवढंच कमी. त्यामुळे शब्द वेगवेगळ्या अक्षरांचा न वाटता एकच ठोकळा वाटतो. कागदावर भिंत बांधल्यासारखा.

त्या काळात तो एकटा नव्हता. ‘लेट्रासेट’ कंपनीनं १९६३ सालीच फ्रेड लॅम्बर्ट यांचा ‘कॉम्पॅक्टा’ काढला होता, तो दिसायला बराचसा असाच. शिवाय लेट्रासेटची अक्षरं प्लास्टिकच्या कागदावरून घासून चिकटवता येत, खिळ्यांची गरजच नसे. फोटोवर आधारित अक्षरजुळणीही जोर धरत होती. या सगळ्यात शिशाचा इम्पॅक्ट उशिरा आलेला पाहुणा होता. माझ्या मते डिझाइन म्हणून कॉम्पॅक्टा जास्त शिस्तबद्ध आहे. इम्पॅक्टला जे यश मिळालं त्याचं कारण त्याच्या रेघांत कमी आणि वाटपात जास्त आहे.

विंडोजनं दिलं, मांजरांनी वापरलं

इम्पॅक्टचे हक्क पुढे मोनोटाइपकडे आले आणि तिथून तो मायक्रोसॉफ्टकडे गेला. १९९६ साली मायक्रोसॉफ्टनं ‘कोअर फॉन्ट्स फॉर द वेब’ नावाचा उपक्रम सुरू केला. तेव्हा वेबसाइटला स्वतःचा फॉन्ट सोबत पाठवणं जवळपास अशक्य होतं. वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जे फॉन्ट असतील त्यातूनच निवड करायची. म्हणून काही मोजके फॉन्ट सगळ्यांना फुकट उतरवून घेता यावेत अशी ही योजना होती. त्यात एरियल, टाइम्स न्यू रोमन, जॉर्जिया, व्हर्डाना, कॉमिक सॅन्स होते आणि इम्पॅक्टही होता. २००२ साली मायक्रोसॉफ्टनं हा उपक्रम बंद केला, पण तोवर हे फॉन्ट जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर पोहोचले होते. मॅकवरही इम्पॅक्ट मिळत होताच.

आता त्या काळातल्या एका कॉलेजवयीन पोराची कल्पना करा. त्याला फोटोवर काहीतरी चावट लिहायचंय. फोटोत उजेडही आहे आणि अंधारही. काळी अक्षरं अंधारात हरवतात, पांढरी उजेडात. उपाय सोपा आहे, पांढऱ्या अक्षराला काळी किनार द्यायची. पण बारीक रेघांच्या फॉन्टला जाड किनार दिली की किनारच अक्षर गिळून टाकते. रेघ मुळात जाड असेल तरच किनार देऊनही पांढरा भाग उरतो. शिवाय फोटो चौकोनी, वाक्य लांब, म्हणजे अक्षर अरुंदही हवं. जाड, अरुंद आणि आधीच कॉम्प्युटरवर असलेला फॉन्ट म्हटलं की यादीत फारसं कुणी उरत नाही.

२००७ साली ‘आय कॅन हॅज चीजबर्गर’ ही मांजरांच्या फोटोंची साइट सुरू झाली आणि ही पद्धत घराघरांत गेली. नंतर मीम बनवून देणाऱ्या साइट्सनी इम्पॅक्ट हाच आपला मूळ फॉन्ट ठेवला. एकदा मशीनच तसं बनवून देऊ लागलं की मग बाकी कुणी दुसरं कशाला निवडेल?

अलीकडे मीमची चाल बदलली आहे. फोटोच्या वर पांढऱ्या पट्टीत साध्या अक्षरांत वाक्य आणि खाली फोटो, ही पद्धत रूढ झाली. आता कुणी इम्पॅक्ट वापरला तर बहुतेक वेळा मुद्दाम जुनाट दिसण्यासाठी वापरतो.

मग हा फॉन्ट कुठे वापरू नये?

परिच्छेदात अजिबात नाही. लहान आकारात त्याचे ‘ए’, ‘ई’, ‘एस’ भरून जातात. ‘आठ’, ‘तीन’ आणि ‘बी’ यांच्यातला फरक एका चिरेवर येऊन ठेपतो. पोस्टरवर चार शब्दांसाठी जे बळ आहे तेच चाळीस शब्दांत ओझं होतं.

हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या एजलॅबनं मोनोटाइपसोबत ‘एका दृष्टिक्षेपात वाचणं’ या विषयावर प्रयोग केले आहेत. गाडी चालवताना स्क्रीनकडे क्षणभर नजर टाकतो तेवढ्या वेळात अक्षर ओळखू येतं का, असा तो प्रश्न. त्यात अरुंद अक्षरं ओळखायला लोकांना नेहमीच्या रुंदीच्या अक्षरांपेक्षा जास्त वेळ लागल्याचं दिसलं. जर्मनीतल्या रस्त्यांच्या पाट्यांसाठीच्या ‘डिन १४५१’ या प्रमाणित अक्षरसंचात म्हणूनच मधल्या रुंदीची अक्षरं मुख्य आहेत आणि अरुंद अक्षरं नाव बसत नसेल तेव्हाच्या अडचणीसाठी ठेवली आहेत.

रस्त्यावर सरकार काळजी घेतं, पण पुड्यावर काय? तिथे जागा कमी आणि कंपनीला आपलं नाव मोठं, बाकी सगळं बारीक हवं असतं. युरोपीय संघाच्या २०११च्या खाद्यपदार्थ माहिती नियमानुसार पाकिटावरच्या सक्तीच्या मजकुरात इंग्रजी लहान ‘एक्स’ची उंची किमान १.२ मिलिमीटर हवी, अगदी छोट्या पाकिटांवर ०.९ मिलिमीटर. नियम चांगला आहे, पण तो फक्त उंची मोजतो. इम्पॅक्टसारख्या फॉन्टमध्ये ‘एक्स’ मुळातच उंच असतो, त्यामुळे उंचीची अट पाळूनही अक्षरं एकमेकांना चिकटवता येतात.

भारताच्या नियमात या पळवाटेचा विचार केलेला दिसतो. वैधमापन (पॅकेजबंद वस्तू) नियम, २०११ मध्ये अक्षरांच्या उंचीसोबत रुंदीचीही अट आहे. अक्षराची किंवा अंकाची रुंदी त्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी नको. म्हणजे अंक ३ मिलिमीटर उंच असेल तर किमान १ मिलिमीटर रुंद हवा. अपवाद फक्त इंग्रजी एकचा आकडा, लहान-मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ यांचा, कारण ते मुळातच काडीसारखे असतात.

एमआरपी किंवा निव्वळ वजन वाचताना कधी अक्षरं अगदी पट्टीसारखी दिसली तर हा नियम लक्षात ठेवा. अर्थात एक-तृतीयांश ही सवलत बरीच सैल आहे. इम्पॅक्टची कॅपिटल अक्षरं साधारण उंचीच्या निम्म्याहून रुंद असतात, म्हणजे तो आरामात पास होतो. नियम अडवतो ते कॉम्प्युटरवर बेसुमार दाबलेल्या अक्षरांना. आणखी एक गोष्ट खटकते. या नियमांत माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत देता येते, पण अपवादांची यादी फक्त इंग्रजी अक्षरांची आहे. देवनागरी ‘र’ किंवा एकट्या कान्याचं काय, यावर नियम बोलत नाही.

मराठीत इम्पॅक्ट का नाही?

इम्पॅक्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. वर्डमध्ये इम्पॅक्ट निवडून मराठी टाइप केलं तर कॉम्प्युटर गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो, जुन्या विंडोजवर बहुधा मंगल, नव्यावर निर्मला. (मंगल हा प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्ट आहे, आणि तो स्क्रीनवरच्या मजकुरासाठी आहे, आरडाओरड करण्यासाठी नाही.) सुरुवातीच्या काळातली बरीच मराठी मीम रोमन लिपीत असायची त्यामागे कीबोर्डचा आळस होताच, पण हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

मग कुणी देवनागरी इम्पॅक्ट बनवून का टाकत नाही? कारण लींची मुख्य युक्ती आपल्या लिपीत चालत नाही. त्यांनी वर-खालची जागा कापली. देवनागरीत वर-खाली रिकामी जागा नसतेच. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि पाय मोडलेली जोडाक्षरं. ‘वर्षांपूर्वी’ हा एकच शब्द पाहा, वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार, सगळे हजर. ते आखूड करायचे तरी किती?

आडव्या दिशेनंही अडचण आहे. आपल्या बऱ्याच अक्षरांत उभा दंड असतो. त्यात काना जोडला की दोन दंड शेजारी-शेजारी येतात. ‘पाणी’ लिहिलं की चार-पाच उभ्या रेघा ओळीनं उभ्या राहतात. ही अक्षरं जाड आणि अरुंद केली की शब्दाची जागा कुंपण घेतं. ‘क’, ‘फ’, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या गाठी आधी बुजतात. ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात फरक फक्त आतल्या तिरक्या रेघेचा, तीच दिसेनाशी झाली तर ‘दोष’चा ‘दोप’ होतो.

तरीही चांगली कामं झाली आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’ हे देवनागरी-लॅटिन फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि दोन्ही मथळ्यांसाठीच बनले आहेत. त्यांनी गोलाई कमी करून अक्षरं चौकोनी केली, म्हणजे अरुंद असूनही आतली पोकळी टिकते. मुंबईच्या एक टाइपनं काढलेला ‘अनेक’ तर एकच फॉन्ट अनेक रुंदींत देतो. तो व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे रुंदी ७५ पासून १२५ टक्क्यांपर्यंत हवी तिथे थांबवता येते आणि प्रत्येक ठिकाणी रेघांची जाडी आपोआप सांभाळली जाते. बेंटनच्या तीन खोक्यांचं हे आजचं रूप म्हणता येईल.

हे पर्याय असूनही बाहेर काय दिसतं? फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांची नावं कोरलड्रॉमध्ये बाजूनं दाबलेली असतात. काने दोऱ्यासारखे आणि शिरोरेघ दोरखंडासारखी. दुकानांच्या पाट्यांवर हा प्रकार जास्त गंभीर आहे. महाराष्ट्रात २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी नाव सक्तीचं आहे आणि त्याचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिने दिले होते. पण आकार म्हटलं की माणसं उंची मोजतात. इंग्रजी नावाएवढंच उंच, पण निम्म्या रुंदीत कोंबलेलं मराठी नाव अंतराची पट्टी लावली तर बरोबर ठरतं आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नाही. पॅकेटावरच्या वजनाला जशी रुंदीची अट आहे तशी ती इथेही घालता आली असती.

तुम्हाला मराठीत असा फॉन्ट हवा असेल तर

अक्षरं ताणू किंवा दाबू नका, मुळातच अरुंद असलेला फॉन्ट घ्या. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकेल. सगळ्यात जाड वजन निवडण्याआधी ‘क्ष’, ‘ळ’ आणि ‘ष्ट्र’ टाइप करून, स्क्रीनपासून चार पावलं मागे जाऊन पाहा. आणि पांढऱ्या अक्षरांना काळी किनार देणार असाल तर किनार इंग्रजीपेक्षा बारीक ठेवा, कारण आपल्या गाठींमध्ये ती आधी शिरते.

इंग्रजीसाठी इम्पॅक्टच हवा असेल तर तो विंडोज आणि मॅकवर आधीपासून असतो, पण तो मोफत वाटण्याचा फॉन्ट नाही, त्याचे हक्क राखीव आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये तो येत नाही. तिथे त्याच्या जागी ‘अँटन’ वापरता येतो. व्हर्नन अॅडम्स यांनी केलेला हा फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याखाली आहे, आणि तुम्ही हल्ली पाहिलेल्या ‘इम्पॅक्ट’मधल्या काही मीमवर प्रत्यक्षात तोच असण्याची शक्यता आहे.